सेप्सिसचा तातडीचा उपचार आणि रुग्णशय्येजवळील सोनोग्राफी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे साधन कोणी व केव्हा शोधले याची नोंद होते. मात्र ते साधन प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे पोहोचले, कोणाच्या हाती गेले आणि त्यामुळे उपचाराचा विचार कसा बदलला, हे प्रश्न मागे राहतात. सेप्सिसच्या तातडीच्या उपचारात सोनोग्राफीचा झालेला प्रवेश हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनियंत्रित होऊन हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांसारख्या इंद्रियांचे कार्य बिघडते व जिवाला धोका निर्माण होतो, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. जगातील एकूण मृत्यूंमध्ये हे प्रमाण जवळजवळ एक पंचमांश भरते. मे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसविषयी स्वतंत्र ठराव संमत केला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

दुसरीकडे सोनोग्राफी म्हटले की महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे गर्भतपासणी आणि तिच्याशी जोडला गेलेला गर्भलिंगनिदानाचा कलंक उभा राहतो. याच यंत्राचा दुसरा इतिहास तुलनेने अपरिचित आहे. प्रस्तुत शोधनिबंधात त्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. सेप्सिस या संकल्पनेची व त्याच्या उपचारपद्धतीची ऐतिहासिक वाटचाल पाहणे.
२. सोनोग्राफीचे यंत्र क्ष-किरण विभागातून आपत्कालीन विभागातील खाटेजवळ कसे आले याचा मागोवा घेणे.
३. सेप्सिसच्या उपचारातील या साधनाची उपयुक्तता व मर्यादा उपलब्ध पुराव्यांच्या आधारे तपासणे.
४. महाराष्ट्रातील कायदेशीर व सामाजिक पार्श्वभूमीवर या साधनाच्या वापराचा विचार करणे.

गृहीतक :

सेप्सिसच्या उपचारात सोनोग्राफीचे महत्त्व यंत्राच्या प्रगतीमुळे जेवढे वाढले, त्याहून अधिक ते उपचाराविषयीचा मूळ प्रश्न बदलल्यामुळे वाढले.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रसिद्ध झालेले वैद्यकीय संशोधन अहवाल, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे, भारतीय कायदे व नियम यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. सेप्सिस : संकल्पनेची वाटचाल

‘सेप्सिस’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ कुजणे असा आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील लेखनात तो आढळतो. परंतु कुजण्याचे कारण काय, हे एकोणिसाव्या शतकापर्यंत अज्ञातच होते. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात जाण्यापूर्वी क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. त्यांच्या कक्षात १८४६ मध्ये सुमारे ११ टक्के असलेले मातामृत्यूंचे प्रमाण १८४८ मध्ये सुमारे १.३ टक्क्यांवर आले. सूतिकाज्वर हा सेप्सिसचाच प्रकार होय. पुढे पाश्चरच्या जंतुविषयक संशोधनाच्या आधारे जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुविरहित ठेवण्याची पद्धती मांडली.

जंतू हेच कारण असेल तर जंतू मारले की रोग संपेल, अशी धारणा यातून निर्माण झाली. प्रतिजैविकांनी या धारणेस बळ दिले. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे सेप्सिसने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले, त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. परंतु औषधाचा अल्पसा साठा संपला आणि तो दगावला. त्यानंतरच्या दशकांत पेनिसिलिन विपुल झाले, तरीही सेप्सिसचे रुग्ण दगावतच राहिले. रक्तातील जंतू नाहीसे झाल्यावरही रक्तदाब सावरत नाही, मूत्रपिंडे बंद पडतात, असे अनुभव येऊ लागले.

१९९१ मध्ये अमेरिकेत भरलेल्या तज्ज्ञ परिषदेने सेप्सिसची पहिली सर्वमान्य व्याख्या निश्चित केली. रॉजर बोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. शरीराचा दाहक प्रतिसाद हा या व्याख्येचा गाभा होता. २०१६ च्या तिसऱ्या व्याख्येने भर आणखी पुढे नेला आणि इंद्रियांच्या बिघाडाला केंद्रस्थान दिले. याचा अर्थ असा की, सेप्सिसच्या रुग्णाकडे पाहताना ‘जंतू कोणता’ या प्रश्नाबरोबरच ‘या घटकेला याचे हृदय, फुप्फुसे व रक्तवाहिन्या कोणत्या स्थितीत आहेत’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरला.

२. द्रवोपचाराचा प्रश्न : किती सलाईन द्यावे?

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि रक्तदाब घसरतो. अशा वेळी शिरेतून सलाईन देणे हा स्वाभाविक उपाय होय. या उपायाचे मूळ १८३२ मधील पटकीच्या साथीत सापडते. स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लाटा यांनी मरणासन्न रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडून काहींना वाचवले होते. परंतु पटकी आणि सेप्सिस यांत मूलभूत भेद आहे. पटकीच्या रुग्णाचे पाणी शरीराबाहेर गेलेले असते. सेप्सिसच्या रुग्णाचे पाणी बऱ्याच अंशी शरीरातच, पण चुकीच्या जागी गेलेले असते. पहिल्याची उणीव भरून काढता येते. दुसऱ्याला अधिक पाणी दिल्यास ते फुप्फुसांत साचण्याची भीती असते.

ही भीती असल्यामुळेच द्रवाचे प्रमाण ठरवण्यासाठी मोजमापाची साधने शोधली गेली. १९७० मध्ये जेरेमी स्वान व विल्यम गँझ यांनी हृदयातून फुप्फुस-रोहिणीपर्यंत जाणारी फुगायुक्त नळी प्रचारात आणली. पुढील दोन-अडीच दशके अतिदक्षता विभागांत या नळीचे वर्चस्व होते. मात्र १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासाने तिच्या उपयुक्ततेविषयी गंभीर शंका उपस्थित केली आणि २००५ मधील ब्रिटिश चाचणीत तिच्यामुळे मृत्यू कमी होत नसल्याचे दिसून आले.

दरम्यान, २००१ मध्ये डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयातील इमॅन्युएल रिव्हर्स यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपत्कालीन विभागातच पहिल्या सहा तासांत ठरावीक लक्ष्ये गाठण्याचा त्यांचा आग्रह होता. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून मोजलेला मध्यवर्ती नीलादाब पाऱ्याच्या ८ ते १२ मिलिमीटरपर्यंत नेणे, हे त्यांपैकी एक लक्ष्य. २६३ रुग्णांच्या या अभ्यासात रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आले. सेप्सिस हा ‘तासांचा’ आजार आहे आणि त्याची लढाई रुग्णालयाच्या दारातच सुरू होते, हे रिव्हर्स यांनी ठसवले. त्यांचे हे योगदान कायमचे आहे. २००४ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नीलादाबाचे हे लक्ष्य समाविष्ट झाले.

परंतु आकड्यावरील हा विश्वास फार काळ टिकला नाही. २००८ मध्ये पॉल मारिक व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असे दाखवले की, नीलादाबाच्या आकड्यावरून रुग्णास द्रवाचा उपयोग होईल की नाही हे सांगता येत नाही. २०१४ व २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड व ब्रिटन येथील तीन मोठ्या चाचण्यांत रिव्हर्स यांची पद्धती प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरली नाही.

याहून अंतर्मुख करणारे निष्कर्ष आफ्रिकेतून आले. युगांडा, केनिया व टांझानिया येथील, अतिदक्षतेची सोय नसलेल्या रुग्णालयांत तीव्र ज्वर व मंदावलेले रक्ताभिसरण असलेल्या ३१४१ बालकांवर झालेला कॅथरिन मेटलँड यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भराभर द्रव दिलेल्या बालकांच्या दोन गटांत ४८ तासांतील मृत्यू १०.६ व १०.५ टक्के होते. असा द्रव न दिलेल्या गटात ते ७.३ टक्के होते. २०१७ मध्ये झांबियातील लुसाका येथील अभ्यासातही, ठरवून दिलेल्या पद्धतीने अधिक द्रव मिळालेल्या प्रौढ रुग्णांमध्ये ४८.१ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ३३ टक्के मृत्यू झाले. यांतील बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. तथापि श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभाग गृहीत धरून आखलेले नियम साधनहीन रुग्णालयांत जसेच्या तसे लावता येत नाहीत, हा धडा त्यातून मिळतो.

अशा रीतीने ‘किती द्यावे’ या प्रश्नाची जागा ‘कोणाला द्यावे आणि केव्हा थांबावे’ या प्रश्नाने घेतली. या नव्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मिळणारे नव्हते. त्यासाठी रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्ष डोकावणे भाग होते.

३. श्राव्यातीत ध्वनी : कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत

१८८० मध्ये पिएर व जाक क्युरी या बंधूंनी काही स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युत् निर्माण होते, हा गुणधर्म शोधला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी त्याचा उपयोग पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी केला. पुढे धातूंतील भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत श्राव्यातीत ध्वनीची यंत्रे आली आणि वैद्यकाने ती तेथूनच उचलली. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी अशाच औद्योगिक यंत्राच्या साहाय्याने २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालींची नोंद घेतली. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी एका बॉयलर कारखान्यात नेऊन तेथील यंत्रावर तपासल्या आणि १९५८ मध्ये पोटातील गाठींच्या तपासणीवरील निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीचा पाया येथे घातला गेला.

यानंतर ही यंत्रे मोठी, महाग व विशेषज्ञांच्या ताब्यातील झाली. रुग्णाने यंत्राकडे जायचे, तज्ज्ञाने अहवाल लिहायचा आणि तो अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे यायचा, अशी व्यवस्था रूढ झाली. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांसाठी ती योग्यच होती. मात्र रक्तदाब घसरत असलेल्या रुग्णास दुसऱ्या विभागात हलवणे म्हणजे त्याचा जीव वाटेवर ठेवणे होय.

४. यंत्र खाटेजवळ येते

ही व्यवस्था बदलण्यात फ्रान्समधील डॉ. डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांचा मोठा वाटा आहे. पॅरिसलगतच्या अँब्रॉज पारे रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्यांनी सोनोग्राफीला तपासणीचे नित्य साधन मानले व १९९२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. हवेतून श्राव्यातीत ध्वनी जात नाही, म्हणून फुप्फुसांची सोनोग्राफी अशक्य, असे त्या काळी मानले जाई. फुप्फुसांत पाणी वाढू लागले की पडद्यावर धूमकेतूच्या शेपटीसारख्या उभ्या रेषा दिसतात, हे त्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. २००८ मध्ये त्यांनी श्वसन निकामी झालेल्या २६० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात फुप्फुसांच्या सोनोग्राफीवर आधारित पद्धतीने ९०.५ टक्के रुग्णांचे अचूक निदान झाले होते.

अमेरिकेत अपघातग्रस्तांच्या पोटातील रक्तस्राव शोधण्याची जलद तपासणी नव्वदच्या दशकात शल्यचिकित्सकांनी रूढ केली. ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तराचा एकच प्रश्न घेऊन उपचार करणाऱ्यानेच तपासणी करायची, ही कार्यपद्धती तेथे घडली. याच सुमारास अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतून रणांगणावर नेता येईल अशा लहान यंत्राचे काम सुरू झाले व १९९९ मध्ये हाती धरता येणारे यंत्र बाजारात आले. पाणबुड्यांच्या शोधातून निघालेले तंत्र पुन्हा एकदा युद्धाच्या गरजेतून बदलले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकास लक्षणीय वाटावी.

२००४ मध्ये ॲलन जोन्स व सहकाऱ्यांनी अपघाताखेरीज अन्य कारणांनी रक्तदाब घसरलेल्या १८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपत्कालीन विभागात येताच सोनोग्राफी झालेल्या गटात सुमारे ८० टक्के रुग्णांबाबत डॉक्टरांचे पहिले अनुमान बरोबर ठरले. ती काही मिनिटे उशिरा करणाऱ्या गटात, तपासणीपूर्वी हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. २०१० मध्ये फिलिप्स परेरा व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी पंप, टाकी व नळ या सोप्या रूपकावर आधारलेली क्रमवार तपासणी मांडली. हृदय म्हणजे पंप, रक्ताचे आकारमान म्हणजे टाकी आणि मोठ्या रक्तवाहिन्या म्हणजे नळ.

५. सेप्सिसच्या रुग्णात काय पाहिले जाते?

पहिली पाहणी हृदयाची. सेप्टिक शॉकमध्ये हृदयाचा स्नायूही तात्पुरता दुर्बल होतो, हे मार्गरेट पार्कर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवले होते. हृदय नीट आकुंचन पावत नसेल तर अधिक सलाईनने ते सावरत नाही. औषधांचा आधार द्यावा लागतो. दुसरी पाहणी हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या पोटातील अधोमहानीलेची. श्वासागणिक ही नीला किती आकसते यावरून हृदयाच्या उजव्या कप्प्यातील दाबाचा अंदाज करता येतो, असे १९९० मध्ये किर्शर व सहकाऱ्यांनी मांडले. तिसरी पाहणी फुप्फुसांची. सलाईन सुरू असताना तेथे पूर्वी नसलेल्या उभ्या रेषा दिसू लागल्या तर तो थांबण्याचा इशारा समजावा. पाय उचलून धरून हृदयाचे उत्सर्जन वाढते का, हेही याच यंत्राने पाहता येते. पायांतील रक्त हृदयाकडे सरकते आणि पाय खाली ठेवताच परत जाते. थेंबभरही सलाईन न देता उत्तर मिळते.

चौथी पाहणी मात्र द्रवोपचाराशी संबंधित नाही आणि म्हणूनच ती अनेकदा उपेक्षित राहते. ती म्हणजे संसर्गाचे मूळ शोधणे. यकृतातील गळू, सुजलेले पित्ताशय, खडा अडकून पू साचलेले मूत्रपिंड, प्रसूतीनंतर गर्भाशयात राहिलेला वारेचा अंश यांपैकी काही असल्यास केवळ प्रतिजैविकाने भागत नाही. पू किंवा अवशेष बाहेर काढावा लागतो. मूळ लवकर दिसले तर शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर होतो.

६. पुराव्याची कसोटी व मर्यादा

या साधनाचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. अधोमहानीलेच्या आकसण्यावरून द्रवाची गरज ठरवण्याची रीत स्वतःहून श्वास घेणाऱ्या रुग्णांत विश्वासार्ह ठरलेली नाही. म्हणजे नीलादाबाचा आकडा सोडून नीलेच्या रुंदीचा आकडा धरला, तर जुनीच चूक नव्या यंत्रावर होते. उत्तर अमेरिका व दक्षिण आफ्रिका येथील सहा केंद्रांत २७० रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तदाब घसरलेल्या रुग्णांची सोनोग्राफी केल्याने जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. निदान सुधारणे आणि जीव वाचणे यांत अंतर असते. ते अंतर योग्य उपचार, परिचारिका, औषधे व शस्त्रक्रियेची सोय यांनीच भरून निघते.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या साऱ्या अनुभवाचे प्रतिबिंब दिसते. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ३० मिलिलिटर द्रव देण्याची पूर्वीची ठाम शिफारस त्यांत सौम्य सूचनेच्या पातळीवर आणली गेली. पुढील द्रवोपचारासाठी केवळ शारीरिक तपासणीवर किंवा स्थिर आकड्यांवर विसंबण्याऐवजी हृदयाचा बदलता प्रतिसाद पाहावा, असे सुचवण्यात आले. असा प्रतिसाद पाहण्याच्या साधनांत हृदयाच्या सोनोग्राफीचा अंतर्भाव आहे.

७. महाराष्ट्र : एका यंत्राचे दोन इतिहास

गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. हा कायदा १९८८ मध्ये झाला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. कोल्हापूर जिल्ह्यात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांवर नोंद ठेवणारी उपकरणे बसवण्यात आली. या उपक्रमास दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले.

या पार्श्वभूमीवर २०१२ मध्ये केंद्राच्या नियमांत सुटसुटीत, हलवता येणाऱ्या यंत्रांवर स्वतंत्र बंधन आले. नोंदणीकृत जागेत आंतररुग्णांसाठी किंवा विविध आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच त्यांचा वापर करण्यास परवानगी देण्यात आली. २०१४ च्या नियमांनी सोनोग्राफी करणाऱ्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण विहित केले. या बंधनांमागील सामाजिक कारण निर्विवाद आहे. परंतु जगभर हे यंत्र खाटेकडे सरकत असताना येथे ते एका जागी बांधले गेले, ही त्याची दुसरी बाजू होय. भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकशास्त्रास पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. म्हणजे खाटेजवळ यंत्र वापरू शकणारा नवा विशेषज्ञ आणि यंत्राच्या हालचालीवरील नवे निर्बंध हे दोन्ही जवळजवळ एकाच काळात अवतरले.

या दोन इतिहासांचा छेद एका स्त्रीच्या ठायी होतो. जिच्या पोटातील मुलगी या यंत्राच्या दुरुपयोगाने नाकारली गेली, तीच स्त्री प्रसूतीनंतरच्या सेप्सिसने अत्यवस्थ होऊन अपघात विभागात आणली जाते, तेव्हा तिचे हृदय, फुप्फुसे व गर्भाशय पाहण्यासाठी त्याच यंत्राची निकड असते. कायदा शिथिल करणे अथवा यंत्र कुलूपबंद ठेवणे, हे दोन्ही मार्ग तिच्यावर अन्याय करणारे आहेत. प्रत्येक तपासणीची नोंद, प्रशिक्षित हात आणि आपत्कालीन वापरासाठी स्पष्ट नियम यांतूनच मार्ग निघू शकतो.

निष्कर्ष :

१. सेप्सिसच्या आकलनाचा प्रवास कुजण्यापासून जंतूंकडे, जंतूंकडून शरीराच्या प्रतिसादाकडे आणि तेथून इंद्रियांच्या बिघाडाकडे झाला. या शेवटच्या टप्प्यामुळे रुग्णशय्येजवळील तपासणीस महत्त्व आले.

२. द्रवोपचारातील मूळ प्रश्न ‘किती द्यावे’ यावरून ‘कोणाला द्यावे व केव्हा थांबावे’ असा बदलला. आफ्रिकेतील अभ्यासांनी या बदलास निर्णायक वळण दिले. त्यामुळे अभ्यासाच्या आरंभी मांडलेले गृहीतक सिद्ध होते.

३. सोनोग्राफी हा सेप्सिसवरील उपचार नसून निर्णयाचे साधन आहे. ‘सलाईन थांबवा’ आणि ‘पू बाहेर काढा’ हे दोन निर्णय वेळेवर घेण्यास ती मदत करते. निर्णयामागे उपचाराची व्यवस्था नसेल तर पडद्यावरील चित्र रुग्णास वाचवू शकत नाही.

४. स्वान-गँझ नळी, नीलादाब व अधोमहानीलेचे मोजमाप या तिन्ही उदाहरणांवरून असे दिसते की, एका आकड्यावर सर्व भरवसा टाकण्याचा मोह प्रत्येक पिढीत नव्या साधनासह परत येतो.

५. महाराष्ट्रात या यंत्राचा विचार करताना गर्भलिंगनिदानाचा इतिहास विसरता येणार नाही आणि केवळ तोच लक्षात ठेवूनही चालणार नाही. यंत्र कोणाच्या हाती, कोणत्या प्रश्नासाठी व कोणत्या नोंदीसह आहे, यावर ते तारक की मारक हे ठरते.